दोन पुरेत

"धन्यवाद. आता पुढच्या प्रश्नाकडे वळू या," असं ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. समोर नवरा बसला होता. टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग, एका बाजूला सालं, एका बाजूला दाण्यांची वाटी आणि मधे तिची नवी प्रश्नावली. त्याने नुकतंच सांगितलं होतं, की आज आहे त्या अवस्थेत दहा वर्षं जगण्यापेक्षा ठणठणीत अवस्थेतली दोन वर्षं त्याला चालतील. दोनच. उरलेली आठ नकोत. सांगताना त्याने एक शेंग फोडली, अंगठा फिरवून दाणे सोडवले आणि ते सालांत टाकले, साल वाटीत. तिने ते साल उचलून बाजूला ठेवलं आणि धन्यवाद म्हणाली. पुढचा प्रश्न शिक्षणाचा होता. तोही तिने विचारला. अर्धं आयुष्य एका छपराखाली काढलेल्या माणसाला तिने त्याचं शिक्षण किती ते विचारलं, त्याने सांगितलं, तिने खूण केली. मग तो उठला, हात धुतले, "छान विचारतेस हं, आवाज अगदी बँकेतल्या बाईसारखा," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ती दाणे वेचत राहिली.

तिचा धंदाच हा होता. विद्यापीठातल्या पाटीवर आरोग्य-अर्थशास्त्र असं भारदस्त नाव होतं, पण घरी कुणी विचारलं तर ती सांगायची, आजार किती जड आहे ते तोलायचं काम. सरकारकडे सगळ्यांना सगळी औषधं द्यायला पुरत नाही. मग आधी कुणाला, हे कुणीतरी ठरवायचं असतं. आणि ठरवायचं तर कुठलं दुखणं किती वाईट, हे माणसांनाच विचारावं लागतं. सरळ विचारलं तर जो तो म्हणतो, फार. म्हणून आडून विचारायचं: या दुखण्यासकट दहा वर्षं, का दुखण्याविना नऊ? बरं, आठ? सात? जो जास्त वर्षं सोडायला तयार, त्याचं दुखणं जड. अशा हजारो माणसांचे आकडे तिच्या तक्त्यांत जात, तक्ते समितीपुढे जात, आणि कुठल्यातरी वॉर्डात कुणालातरी गोळी मिळे किंवा न मिळे. तिचा भाऊ म्हणायचा, "तुम्ही लोक उंटावरून शेळ्या हाकता." ती म्हणायची, "आमच्याकडे उंट तरी आहे." पण मनातून तिला ते लागायचं, म्हणून कुठलीही नवी प्रश्नावली बाहेर पाठवण्याआधी ती घरात वापरून बघे. लिहिलेला प्रश्न आणि तोंडाने विचारलेला प्रश्न यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, नवऱ्याने जांभया देऊन शिकवलं होतं. पहिला माणूस कायम तो. आणि त्याचं उत्तर कायम एकच: दहाच्या दहा. "एक महिना सोडणार नाही. तू काय भाजी घ्यायला आली आहेस का, घासाघीस करायला?" एकदा पाठीत उसण भरून तो जमिनीवर लाकडासारखा पडला होता, कूस बदलता येत नव्हती, तेव्हाही तिने मुद्दाम विचारलं, तर छताकडे बघत म्हणाला, "दहा. आणि जरा उशी सरकव." असल्या माणसांना त्यांच्या धंद्यात न सोडणारे म्हणत आणि प्रश्न कळला नाही असं समजून गाळून टाकत. तिचं नाव झालं तो पहिला लेख तिने लिहिला यांच्यावर: यांना प्रश्न नीट कळलेला असतो, फक्त आयुष्याचा बाजार मांडणं त्यांना पसंत नसतं. त्या एका लेखावर तिला नोकरी मिळाली, मग बढती, मग परदेशी परिषदांतून बोलावणी. तिच्या विभागातल्या मेजवानीत तो हातात ग्लास घेऊन स्वतःची ओळख करून द्यायचा, "मी त्या लेखातला पहिला माणूस. बाकीचे नंतर आले."

घरातला एक नियम होता, टेबलावरचं टेबलावर. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका प्रश्नावलीत विचारलं होतं, घरात मोकळेपणाने बोलता येतं का. तो म्हणाला होता, सासूबाई राहायला नसतील तेव्हा येतं. आणि तिने ते उत्तर पुढचा आठवडाभर प्रत्येक भांडणात काढलं होतं. तेव्हा त्याने अट घातली. मुलाखतीत बोललेलं मुलाखतीबाहेर आणायचं नाही, नाहीतर दुसरा नवरा शोध. तिने ती अट पाळली, आणि पुढे शिकवायला लागल्यावर तीच विद्यार्थ्यांना घातली. आता कळत होतं, की हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो. तो गॅलरीत उभा होता, पाठ तिच्याकडे, शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली, आणि तिला उठून ती कॉलर नीट करता येत नव्हती, कारण कॉलर नीट केली तर पुढचं विचारावं लागलं असतं. रात्री तो कुशीवर वळून झोपला. त्याचा श्वास कधी नव्हे तो इतका संथ होता, की ती कान देऊन ऐकत जागी राहिली. चेष्टा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तो आहेच चेष्टेखोर. इतकी वर्षं दहा म्हणून कंटाळला असेल, म्हणाला असेल, बघू बाईसाहेब दचकतात का. आणि बाईसाहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पण चेष्टा करताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, काय परिणाम झाला ते बघायला. मघाशी तो शेंगेकडे बघत होता.

सकाळी तो नेहमीसारखा दाढी करून आला, चहा घेतला, पेपर उलटा घडी करून ठेवला. "साखर कमी झाली का?" तिने विचारलं. "ठीक आहे." "आज लवकर येशील?" "बघतो." दुकानाची किल्ली खिशात चाचपून तो जिना उतरला. त्याचं चष्म्यांचं दुकान, मागे डोळे तपासायची एवढीशी अंधारी खोली. बसमध्ये उभ्याउभ्या ती मागे मागे जात राहिली, कुठून सुरू झालं असेल. ठीक आहे, हे म्हणणं कधीपासून? आधी त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, चहावर, शेजाऱ्यांच्या पडद्यांवर, तिच्या विभागप्रमुखांच्या टायवर. मत कधी गेलं? एखादी वस्तू घरातून गेली तर जागा रिकामी दिसते, मत गेलं तर जागाही भरून येते. त्याने रविवारचं पोहणं सोडलं तेव्हा खांदा दुखतो म्हणाला होता. तिने त्याला मलम आणून दिलं होतं. मुलगी फोन करायची तेव्हा तो दोन मिनिटांत म्हणायचा, घे, आई बोलतेय. समोरच्या बाईच्या डोक्यावरून बाहेरची पाटी वाचायला तिने डोळे बारीक केले, आणि मग चष्मा काढून बघितला. काचांवर बोटांचे ठसे होते, तेलकट, एकावर एक. पूर्वी तो बोलता बोलता तिच्या नाकावरचा चष्मा उचलायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, परत ठेवायचा. तिचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही. ती कितीतरी महिने या ठशांमधून बघत होती आणि वय झालं असं समजत होती. तक्ते करताना एखादा रकाना कोरा असला तर ती सहायकांना फैलावर घ्यायची, कोरं का, माणूस नव्हता की तुम्ही विचारलं नाही?

विभागात तिचा सहायक दारातच भेटला. त्याला सगळे दशांश म्हणत, कारण तो पावसाची शक्यताही दोन दशांश स्थळांपर्यंत सांगायचा. "मॅडम, घरची चाचणी झाली?" "झाली." "मग सरांचं नेहमीचं? मी आधीच दहा लिहून ठेवलेत," तो हसत म्हणाला, "तेवढाच वेळ वाचला." "खोड ते." "का, नऊ म्हणाले की काय?" "नंतर बोलू," ती म्हणाली, आणि आवाज असा निघाला की दशांशने पुढे काही विचारलं नाही. वर्गात नवे मुलाखतकार बसले होते, वह्या उघडून. वर्षानुवर्षं तेच ती शिकवत आली होती आणि तोंड आपोआप चालू झालं. चेहरा कोऱ्या पाटीसारखा ठेवायचा. बिचारा म्हणायचं नाही, वा म्हणायचं नाही. भुवई वर गेली की समोरचा उत्तर बदलतो. रडणाऱ्याला पाणी द्यायचं, सल्ला द्यायचा नाही. तुम्ही तिथे मदतीला गेलेला नाहीत, ऐकायला गेला आहात, आणि खरं सांगायचं तर ऐकणारी माणसं मदत करणाऱ्यांपेक्षा कमी असतात. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, दरवर्षी त्यावर माना हलत. आजही हलल्या. पहिल्या बाकावरच्या, केसांत पेन्सिल खोचलेल्या मुलीने हात वर केला. "मॅडम, पण एखादा खूपच कमी वर्षं म्हणाला तर? म्हणजे त्याला खरंच तसं वाटत असेल तर?" "तर प्रश्न पूर्ण करायचे," ती म्हणाली, "धन्यवाद म्हणायचं, आणि शेवटी प्रत्येकाला देतो ते मदतीचं पत्रक त्याच्या हातात द्यायचं. नुसतं ठेवून यायचं नाही. हातात द्यायचं. त्यावरचा नंबर मोठ्याने वाचून दाखवायचा. विचारायचं, आज घरी कुणी आहे का तुमच्यासोबत. आणि संध्याकाळच्या आत पर्यवेक्षकाला फोन. हे सक्तीचं आहे. न केल्यास तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर नाही." मुलगी लिहून घेत होती. हे सक्तीचं आहे. कुणीही रस्त्यावरचा माणूस असता, ज्याचं नाव ती दुपारपर्यंत विसरली असती, तर त्याला पत्रक मिळालं असतं, नंबर मिळाला असता, आज घरी कुणी आहे का हे विचारलं गेलं असतं. घरच्या चाचणीत ती पत्रक कधी काढतच नसे. घरच्याला कशाला. घरी मी आहेच.

"मी आलेच," असं म्हणून ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये उभं राहून दुकानाचा फोन लावला. वाजत राहिला. गिऱ्हाईक असेल. पुन्हा लावला. अंधाऱ्या खोलीत असेल, तिथे ऐकू येत नाही. मोबाईल लावला, तो बंद. मोबाईल तो बंदच ठेवतो, गिऱ्हाइकांचे डोळे तपासताना. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असून तिने तोच नंबर पुन्हा लावला. काचेतून वर्ग दिसत होता, दशांशने फळ्याचा ताबा घेतला होता. तिने पर्स घेतली नाही. खिशात बसचा पास होता. बसमध्ये शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत नाही का, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, ठीक आहे. सिग्नलला बस थांबली की तिला वाटे उतरावं आणि धावावं, आणि लगेच तिच्यातली हिशेबी बाई म्हणे, धावून बसपेक्षा लवकर पोचता येत नाही. आयुष्यभर या बाईने तिला सांभाळलं होतं. आज तिला तिचा राग आला. इतकी शहाणी, तर काल कुठे होतीस? काल तूच धन्यवाद म्हणालीस.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. भर दिवसा. ती वाकून आत शिरली, डोकं कडेला आपटलं. काउंटर रिकामा, कपाटांतले शेकडो चष्मे तिच्याकडे बघत असलेले, मागच्या खोलीचा पडदा ओढलेला. पडदा बाजूला केला. तो खुर्चीत बसला होता, गिऱ्हाइकाच्या. समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला, वरची मोठी अक्षरं आणि खाली खाली मुंग्यांसारखी. बाकी अंधार. तो तक्त्याकडे बघत होता. वाचत नव्हता.

"तू?" तो म्हणाला. "चष्मा मोडलास का?"

"फोन का उचलत नाहीस?"

"वाजला का?" त्याने खरंच विचारल्यासारखं विचारलं. "कपाळाला काय झालं?"

"शटर. अर्धं का आहे ते?"

"पूर्ण वर करायचं राहिलं."

ती तपासणीच्या स्टुलावर बसली, त्याच्या जागेवर. काही बोलणार तेवढ्यात बाहेर शटर खडखडलं आणि एक बारीकसा, ठसकेबाज आवाज आला, "आहात का हो? का दुकान विकलं?" आणि मग तिने ते बघितलं. तो उठला. उठता उठता त्याचे खांदे वर आले, चेहरा जागेवर आला, डोळ्यांपाशी सुरकुत्या पडल्या. पडद्यातून बाहेर पडेपर्यंत तो तिचा नवरा झाला होता, मेजवानीतला. बाहेर एक वयस्क बाई काउंटरवर चष्मा ठेवून उभ्या होत्या. "घसरतो हो. वाचताना डाळीत पडला काल."

"चष्म्याचा दोष नाही," तो म्हणाला, "नाक फार सज्जन आहे तुमचं. कुणाला धरून ठेवत नाही."

"चावटपणा पुरे. घट्ट करा."

त्याने काड्या गरम केल्या, वाकवल्या, त्यांच्या कानामागे बोटांनी इतक्या हलकेच बसवल्या, की त्या बाईंनी लहान मुलीसारखे डोळे मिटले. "मान हलवा. आता नाही म्हणा. आता हो म्हणा. बघा, नकाराला पडत नाही, होकारालाही पडत नाही. आता भांडायला मोकळ्या." बाई हसल्या आणि पडद्याशी उभ्या असलेल्या तिच्याकडे वळल्या. "मालकीणबाई का? काय हो, हे घरीपण असेच असतात?"

"हो," ती म्हणाली. "असेच."

"नशीब तुमचं," बाई म्हणाल्या आणि वाकून, कण्हत शटरखालून गेल्या. तो काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. गॅस बंद केल्यावर तवा तापलेला राहतो तसं थोडा वेळ राहिलं, मग निवलं. तिला वाटलं, हे तो दिवसभर करतो. प्रत्येकासाठी. संध्याकाळी माझ्यासाठी. इतक्या कुशलपणे ती आयुष्यात काहीही करू शकली नव्हती.

"टेबलावरचं मी उचलून आणलंय," ती म्हणाली.

त्याने काड्या वाकवायचा चिमटा जागेवर ठेवला.

"दोन म्हणालास ते खरं होतं का?"

"तू धन्यवाद म्हणालीस."

"हो."

"मला वाटलं, चला, पोचलं. नोंद झाली." त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "राग नाही गं. मला उलट बरं वाटलं. तू जर शेंगा टाकून रडायला लागली असतीस, तर मी म्हणालो असतो, चेष्टा केली. तू पुढचा प्रश्न विचारलास म्हणून ते तिथे राहिलं."

"खरं होतं का?"

"होतं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? कारण हवं ना काहीतरी. धंदा बरा आहे, तू आहेस, पोरगी सुखात आहे. कारण असतं तर पहिल्या दिवशी येऊन सांगितलं असतं, बाई, असं असं झालं. कारण नाही, हेच सांगायला जीभ उचलत नाही. आणि तू तरी काय विचारायचीस, येताना दूध आणशील का. काल पहिल्यांदा विचारलंस, आजची अवस्था कशी आहे. मी खरं सांगितलं. विचारलं की खरं सांगायचं, असं तूच म्हणतेस."

आता एक प्रश्न होता जो तिने तिच्या कुठल्याच प्रश्नावलीत ठेवला नव्हता. दर वेळी चर्चेत तो यायचा आणि दर वेळी ती म्हणायची, फार थेट आहे, माणसं बिथरतील, आडून विचारू. तिने त्याच्या दुमडलेल्या कॉलरकडे बघितलं, आणि थेट विचारलं. स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का. आवाज बँकेतल्या बाईसारखा नव्हता. चिरका होता, मधेच फाटला. तो बिथरला नाही. बाहेर कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजवून बघितली, गेलं.

"येतं," तो म्हणाला. "येऊन जातं. काल सांगितल्यावर रात्री आलं नाही. झोप लागली मला. आज सकाळी इथे आलो आणि शटर वर करताना हातातलं बळच गेलं. मग इथे बसलो. आत्ता तू विचारतेस तर, आत्ता नाही. उद्याचं माहीत नाही."

"उद्याचं नको. डॉक्टरकडे जायचं आज."

"तुझ्या समितीवरच्या कुणाकडे मी जाणार नाही. त्यांना मी आकडा वाटेन."

"मग तू सांग कुणाकडे."

त्याने विचार केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कशावर तरी विचार करावा लागत होता, हे दिसत होतं. "त्या कोपऱ्यावरच्या. मनाच्या डॉक्टर. चष्मा माझ्याकडूनच नेतात. जाड भिंगं आहेत, एक डोळा जरा तिरका आहे. त्यांच्यासमोर बसवेल मला."

तिने तिथूनच फोन लावला. उचलणाऱ्याने परवाची वेळ सांगितली. ती म्हणाली, आजचीच हवी, आणि का ते एका वाक्यात, त्याच्यासमोर, जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान खाली घातली, पण थांबवलं नाही. संध्याकाळी या म्हणाले. "जा तू आता," तो म्हणाला, "वर्ग आहे ना तुझा? मी येईन ना तिथे." "नाही जात." "गिऱ्हाईक येईल." "येऊ दे. सज्जन नाकं मी पण बघेन." तिने शटर आतून पूर्ण खाली ओढलं. मागच्या खोलीत ती त्याच्या स्टुलावर बसली, तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, कारण खोलीच तेवढी होती. संध्याकाळपर्यंत सगळी दुपार पुढे पडली होती आणि तिच्याकडे विचारायला एकही प्रश्न नव्हता. हातही रिकामे होते. ती नुसती बसली. मुलाखतीतली सवयीची मानही ती हलवत नव्हती. त्यामुळे असेल, किंवा डॉक्टरांसमोर काय बोलायचं याची तो तालीम करत असेल, तो आपणहून सुरू झाला.

"ते असं आहे, की सकाळी डोळे उघडले की आधी थोडा वेळ काहीच नसतं. चांगला वेळ असतो तो. मग ते येऊन बसतं. जड असं नाही. उलट हलकं. सगळंच हलकं होतं, कप, किल्ली, तू. काही उचलावंसं वाटत नाही, कारण उचलण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं."

"कळलं नाही," ती म्हणाली. मुलाखतकाराने हे कधीच म्हणायचं नसतं. समोरचा मग तुमच्या सोयीचं बोलायला लागतो.

"काय कळलं नाही? सोपं तर आहे."

"मी पण हलकी होते? म्हणजे काय होतं? मी समोर असते ना?"

"असतेस. तेच सांगतोय."

"मग कळलं नाही. तू चांगल्या वेळेवरून एकदम किल्लीवर आलास. मधे काय होतं?"

"अगं, किती वेळा सांगायचं?"

"एकदाच सांगितलंस. नीट सांग."

तो चक्क वैतागला, कितीतरी महिन्यांनी. कपाळावर आठी आली, हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "इतकी शिकलेली बाई, आणि एक साधी गोष्ट..." तो म्हणाला, पुढे वाकला, आणि मोठ्या आवाजात, बोटं मोजत, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.